दवातली सरी

नदीकाठच्या एका गावात काळ्याभोर रानात तंबाखू पिकायची, आणि त्या गावात एक शेतकरी होता, ज्याचा फेटा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा होता. फेटा साधासुधा नव्हता बरं का! मानाचा होता.

तंबाखूचं झाड कमरेला आलं की त्याचा शेंडा खुडावा लागतो. नाही खुडला तर झाड फुलायच्या नादी लागतं आणि पानं पातळ राहतात. गावाची रीत अशी, की ज्याच्या रानातली खुडणी सगळ्यात आधी उरकेल, त्याला देवीच्या जत्रेत मानाचा फेटा. खुडणी करायची बायकांनी आणि फेटा बांधायचा पुरुषांनी. हे कसं ठरलं ते मला विचारू नका. ठरवणाऱ्यांनीसुद्धा तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

आता पहिलं यायचं म्हणजे लवकर लागायला हवं. म्हणून तांबडं फुटताच बायका सरीत उतरायच्या. थंडीचे दिवस, पानं दवानं निथळत असायची. कोपरापर्यंत हात भिजायचे, लुगडं अंगाला चिकटायचं, तंबाखूचा चीक कातडीत मुरायचा. थोड्या वेळानं कुणाला गरगरायचं, कुणाच्या पोटात ढवळायचं, कुणी बांधावर बसून ओकायची. त्यावर गावाकडे औषध तयार होतं. सासूनं कमरेची डबी काढायची, भाजलेल्या तंबाखूची, म्हणजे मशेरीची, चिमूट सुनेच्या हिरडीला लावायची आणि म्हणायचं, "काय होत नाही गं. शेताची ओळख होतीय."

अहो, ओळख! पिढ्यान्‌पिढ्या बायका ओकत होत्या आणि गाव म्हणत होतं, ओळख होतीय.

या शेतकऱ्याच्या बायकोचं नाव हौसाक्का. लग्न होऊन आली तेव्हा तिलाही ही ओळख झाली होती. पुढच्या खुडणीला ती पोटुशी होती. ओल्या सरीत तिला भोवळ आली, सासूनं चिमूट लावली आणि पुन्हा सरीत धाडलं. खुडणी संपायच्या आत तिचं पोट रिकामं झालं. देवीची इच्छा, असं सगळे म्हणाले. त्या वर्षी नवऱ्यानं पहिला मानाचा फेटा बांधला आणि हौसाक्कानं त्याला ओवाळलं. ओवाळताना काय वाटलं, ते ती कधीच कुणाला बोलली नाही. पुढे मुलगा झाला, तो मोठा झाला, आणि इंदू नावाची सून घरात आली.

हौसाक्काचा त्या पोरीवर फार जीव. इंदूला दिवस गेले तेव्हा म्हातारीनं आनंदानं शेजारपाजारी गूळ वाटला. आणि नेमकी त्याच वेळी खुडणी आली.

पहिल्याच सकाळी इंदू सरीत उतरली, अर्ध्यावर गेली आणि मटकन खाली बसली. तोंड पांढरं पडलेलं, हात पोटावर. कशीबशी बांधाला आली आणि भडाभडा ओकली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "डोळ्यापुढं अंधार येतोय. माझं बाळ..."

हौसाक्काचा हात सवयीनं कमरेच्या डबीकडे गेला. डबी उघडली. चिमूट बोटांत धरली. आणि बोटं तिथंच थांबली. तिला आपल्या सासूची बोटं आठवली, तो कडू वास आठवला, आणि नंतरची ती रिकामी सकाळ आठवली. तिनं चिमूट बांधावर झटकली.

"उठ," ती म्हणाली. "आता सरीत नाही जायचं. इथं माझ्याजवळ बस."

शेतकरी पलीकडच्या बांधावरून तरातरा आला. "काय चाललंय? शेजाऱ्याच्या बायका निम्मं रान उरकून बसल्या, आणि हितं आपल्या बायका सावलीला?"

"पोरीला लागलंय," हौसाक्का म्हणाली. "ओल्या पानाचं. दव वाळूदे, मग आम्ही लागतो. ऊन चढल्यावर कुणाला कधी ओकताना बघितलंय तुम्ही?"

"दव वाळूदे म्हणे! तवर फेटा जाईल दुसऱ्याच्या डोक्यावर. उठ गं पोरी. सरीत उतर, नाहीतर माहेरची वाट धर."

इंदू उठू लागली. मुलगा बैलांना वैरण टाकत होता. त्यानं मान वर केली, बापाकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. बैलांनी तरी काय करावं!

हौसाक्कानं सुनेचा हात धरून तिला खाली बसवलं. मग स्वतः तिच्या शेजारी फतकल मारून बसली. आख्ख्या संसारात नवऱ्यासमोर अशी ती कधी बसली नव्हती.

"ती माहेरी गेली तर मी तिच्या मागनं जाणार," ती म्हणाली. "माझं माहेर कधीच संपलं. तिच्या माहेरी राहीन, तिथली भांडी घाशीन. पण दव असताना या घरची बाई सरीत पाय घालणार नाही. सांगून ठेवते."

"बायकांची नाटकं ही!" शेतकरी ओरडला, इतका की आजूबाजूच्या रानांतल्या बायका खुडायच्या थांबून बघायला लागल्या.

"नाटक असंल तर तुम्ही करून दाखवा की!" हौसाक्काही मोठ्यानं म्हणाली. "एवढी एक सरी. आमच्यासारखी, उपाशीपोटी. मुकाट्यानं खुडून या, मग मी आणि ही पोरगी दोघी उतरतो."

आता आली का पंचाईत! शेतकऱ्यानं आयुष्यात नांगर धरला होता, मोट हाकली होती, वाळलेल्या पानांची ओझी वाहिली होती. पण दवातली खुडणी? ती बायकांची. नको म्हणावं तर चार रानांतले डोळे त्याच्यावर. त्यानं मिशीला पीळ दिला, सदरा काढून बांधावर फेकला, फेटा मात्र डोक्यावरच ठेवला आणि सरीत शिरला.

सुरुवातीला काय ऐट! "हे बघा, काटकन मोडतंय! ह्यात काय हाय? लहान पोरगंबी करंल." शेंडे मोडत तो भराभरा पुढं गेला. ओली पानं उघड्या छातीला, दंडाला, पोटाला घासत होती. थोड्या वेळानं बोलणं कमी झालं. मग बंदच झालं. मग पानांतून नुसता फेटा दिसायला लागला, आधी डावीकडे कललेला, मग उजवीकडे. आणि मग तोही दिसेना.

"मामंजी!" इंदू घाबरून ओरडली.

मुलानं धावत जाऊन बापाला काखेत धरून आणलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर घाम, ओठ थरथरतायत, डोळे गरगर फिरतायत. बांधावर आल्या आल्या तो ओकला, आणि पोटात काही नव्हतं तरी ओकतच राहिला. शेजारच्या रानात कुणीतरी फिस्सकन हसलं, पण हौसाक्का हसली नाही. तिनं घागरीतलं पाणी घेतलं, त्याचे हात धुतले, छाती पुसली, पाठीवरून हात फिरवला. तो जरा सावरल्यावर तिनं कमरेची डबी काढली आणि चिमूट त्याच्या तोंडासमोर धरली.

"घ्या की," ती म्हणाली. "शेताची ओळख होतीय."

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. "नको. मरंन मी."

"मला लावलीवती ती," हौसाक्का म्हणाली. "पोटात पहिलं होतं तेव्हा. ते याच रानात गेलं माझं. त्या साली तुम्ही पहिला फेटा बांधला, आणि मी ओवाळलं तुम्हाला."

शेतकऱ्यानं तोंड पुसलं. म्हणाला, "बोलली नाहीस कधी."

"बोलायला तोंड रिकामं कुठं होतं? मशेरी होती त्यात."

हौसाक्कानं डबी उचलली आणि नदीच्या दिशेनं अशी भिरकावली, की पुन्हा कुणाला सापडू नये.

ऊन चढलं. तिनं एक पान हातात घेऊन गालाला लावून बघितलं. कोरडं होतं. "चला," ती म्हणाली आणि स्वतः सरीत उतरली. इंदूला मात्र तिनं बाळंत होईपर्यंत रानात पाय ठेवू दिला नाही. तिच्या वाट्याची सरी मुलानं धरली, आणि कुणी काही विचारलं तर तो म्हणायचा, "शेंडाच मोडायचाय, त्याला काय लुगडं लागतं?"

त्या वर्षी खुडणी उशिरा संपली. फेटा शेजाऱ्यानं पटकावला. पण पुढच्या वर्षी गंमत झाली. तांबडं फुटलं तरी शेजाऱ्याच्या बायका बांधावर बसून राहिल्या. त्याच्या पलीकडच्याही बसल्या. शेतकरी ओरडले, रुसले, धमक्या देऊन झाल्या, पण बायका पान गालाला लावायच्या आणि म्हणायच्या, "अजून ओलं हाय." शेवटी सगळ्यांची खुडणी मागंपुढं सारखीच संपली, आणि देवळात मानाचा फेटा कुणाला द्यावा हेच कुणाला कळेना.

जत्रेच्या सकाळी आपला शेतकरी घरभर काहीतरी शोधत होता. "अगं, या साली न्हाई तर न्हाई, पण माझा जुना मानाचा फेटा कुठाय? तो पहिला?"

हौसाक्कानं आढ्याकडे बोट दाखवलं. फेट्याची झोळी बांधलेली होती, आणि झोळीत इंदूची लेक मुठी वळून गाढ झोपली होती.

"तिला उठवून घ्यायचा असंल तर घ्या," हौसाक्का म्हणाली.

शेतकरी झोळीपाशी गेला. नातीकडे बघितलं. हात पुढं केला, आणि झोळीला हळूच एक झोका दिला. मग बोडक्या डोक्यानं जत्रेला गेला.

तात्पर्य, तुमचं तुम्हाला आधीच कळलं असेल, तरी सांगते: जे सोसताना जीव जातो, ते रीत म्हणून आपल्या लेकीसुनांच्या तोंडात घालू नये; ज्यांनी सोसलंय, त्यांनीच आधी बांधावर बसावं.