राजाचे गवत आणि सगुणा माळीण

ज्या काळी राजे सकाळी स्वतः बागेत फेरी मारत आणि माळिणी राजांवर चिडू शकत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका राजाची धाकटी बहीण लग्न होऊन डोंगरापलीकडच्या राज्यात गेली. तिथून तिने भावाला गवताचा एक ठोंब पाठवला. हे गवत गुरांच्या चाऱ्याचे नव्हे, शोभेचे. पावसाळा सरला की त्याला चांदीसारखे पांढरे तुरे येत. सोबत निरोप होता, "दादा, याला तुरे आले की मला कळव. ते पाहायला मी माहेरी येईन."

राजाने ठोंब सगुणा माळिणीच्या हाती दिला. सगुणेचे केस त्या बागेतच पांढरे झाले होते. तिने भरपूर उन्हाची, पाणी न साचणारी जागा निवडली, ठोंब लावला आणि म्हणाली, "महाराज, आता याच्याकडे पाहा, पण हात लावू नका."

राजाला ते कुठले जमायला! बहिणीला पाहून दोन वर्षे झाली होती. तो रोज येई आणि तांब्याने पाणी घाली.

सगुणा म्हणे, "याला एवढं पाणी सोसत नाही, महाराज."

राजा म्हणे, "बिचारं तहानलेलं दिसतंय."

महिन्याभरात मुळे कुजू लागली. सगुणेने कुजका भाग कापून उरलेला ठोंब कसाबसा वाचवला. त्या वर्षी तुरे आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी गवत कमरेएवढे झाले. पाती वाकून चहूकडे पसरली. सगुणा चार दिवस लेकीकडे गेली, तेवढ्यात राजाने आपल्या न्हाव्याला बोलावून गवताची हजामत करवली! परतलेली सगुणा कपाळावर हात मारून मटकन खाली बसली.

"अहो, पोटरीत आलं होतं ते! आत तुरे भरत होते!"

"फार अस्ताव्यस्त दिसत होतं," राजा ओशाळून म्हणाला. "बहीण येणार, म्हटलं नीटनेटकं असावं."

तिसरे वर्ष लागले आणि थंडीत पाती वाळून तपकिरी झाली. ती पाहताच राजाच्या डोळ्यांत पाणी आले. "मेलं!" तो म्हणाला आणि स्वतःच कुदळ घेऊन ठोंब उपटायला निघाला.

आता मात्र सगुणेचा संयम संपला. ती कुदळीपुढे उभी राहिली.

"महाराज, शिक्षा करायची तर करा, पण आज ऐकून घ्या! ते मेलेलं नाही, थंडीत झोपलंय. थंडी ओसरली की मी ते वीतभर ठेवून कापीन, मग बुडातून नवी पाती येतील. दोन वर्षं झाली, मी या गवताला किडीपासून जपत नाही, तुमच्यापासून जपतेय!"

राजासोबतच्या पहारेकऱ्यांनी माना खाली घातल्या. राजाने कुदळ ठेवली.

"मग मी काय करू, सगुणाबाई?"

"दुसरीकडे जाऊन बसा!"

राजा खरेच बागेत फिरकेनासा झाला. त्याला ते फार जड गेले. तो सज्जातून डोकावे आणि सगुणेने वर पाहिले की झटकन मान आत घेई.

पाऊस सरला, आणि एका सकाळी ठोंबावर पंधरा-वीस तुरे डुलत होते. निरोप गेला, तशी बहीण धावत माहेरी आली. भावाच्या गळ्यात पडून ती रडली. मग गवताकडे पाहून म्हणाली, "दादा, याला तीन वर्षं कशी लागली? दर वर्षी मी निरोपाची वाट पाहायचे. वाटलं, तू मला विसरलास. आमच्याकडे तर हे बांधावर आपोआप वाढतं!"

राजाने हळूच सगुणेकडे पाहिले. सगुणेने तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली.

माया करावी, पण हात आवरावा; नाहीतर जे जपायचे, तेच आपल्या हातून मोडते.