केरबा मास्तरांची घागर

फार वर्षं झाली, माझी आजी परकर नेसायची तेव्हाची गोष्ट. उंबरझरीच्या शाळेत केरबा मास्तर आले आणि त्यांनी सहावी-सातवी मागून घेतली. ती पोरं म्हणजे ना लहान ना मोठी. पाय लांब झालेले आणि जीभ त्याहून लांब. त्यांच्यापुढं कुणी मास्तर टिकत नसे. केरबा मास्तर मात्र शाळेकडं असे निघत, जसे काही जत्रेला चाललेत. पोरानं उलटा प्रश्न केला की पोट धरून हसत. ते हसू पलीकडच्या गावात ऐकू जाई, असं म्हणतात.

एकदा सातवीतल्या ठकीनं विचारलं, "मास्तर, आपल्या झऱ्याला पाणी येतं कुठून?"

मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही गं. चला, बघू."

टेकडीवर देवराई आहे. तिथं वरचा ओढा एका भोकात गडप होतो; गाव त्याला देवाचं तोंड म्हणतं. पोरांनी अनवाणी जाऊन त्या भोकात पाटीभर भाताचं तूस ओतलं आणि पळत खाली आली. दुपार कलली तसं झऱ्यातून तूस बाहेर पडलं. पोरं नाचली, मास्तर त्यांच्याहून जास्त नाचले.

पण पुढच्या चैत्रात झरा आटला. कधी म्हणून आटला नव्हता तो. बाया रिकाम्या घागरी घेऊन माघारी आल्या. बयाजी पाटील चावडीवर म्हणाले, "मास्तर, देवाच्या तोंडात तूस कोंबलंत तुम्ही. आता गाव सोडा."

मास्तरांच्याही मनात आलं, खरंच आपल्याच तुसाचा बोळा बसला असेल तर? त्यांनी गाठोडं बांधलं.

वेशीवर पोरं वाट अडवून उभी होती.

"वाट सोडा रे."

"नाही सोडत," ठकी म्हणाली. "तूस आमच्यासमोर बाहेर आलं होतं. मग ते आत अडकेल कसं?"

"थोडं राहिलं असेल."

"असेल-नसेल नको, जाऊन बघा, असं तुम्हीच सांगता न्हवं? मग आज तुम्हीच भ्यालात व्हय?"

मास्तर गाठोडं खाली ठेवून असे हसले, की वेशीच्या झाडावरचे सगळे बगळे उडाले, असं म्हणतात.

पोरं वर चढली. मागं मास्तर, त्यांच्या मागं, हे कळताच काठी घेऊन धावत आलेले पाटील. वर बघतात तर दरड कोसळलेली. भोकावर भलं मोठं झाड आडवं, चिखल, पाचोळा, आणि मागं पाणी तुंबून तळं झालेलं. देवराईतली काडीही हलवायची नाही, असा गावाचा नेम. सगळे पाटलांकडं बघायला लागले.

पाटलांनी काठी टाकली. "बघताय काय? दोर आणा!"

हत्तीला हललं नसतं ते झाड पोरांनी ओढलं, असं म्हणतात. पाणी आत शिरलं तशी टेकडी पोटातून गुरगुरली. पोरं खाली पोचेतो झरा उसळत होता. पाटलीणबाईंनी पहिली घागर देवासाठी भरली होती. ठकीनं ती हिसकावली आणि मास्तरांच्या डोक्यावर ओतली.

"अगं, देवाची घागर ती!" पाटलीणबाई ओरडल्या.

पाटील म्हणाले, "असू दे. माझ्याकडून आणखी एक ओता."

अजून दर चैत्रात सहावी-सातवीची पोरं देवराईत जातात आणि त्या भोकातला गाळ काढतात. मोठ्या माणसानं हात लावायचा नाही. मग झऱ्यावर भरलेली पहिली घागर शाळेतल्या मास्तरांवर, नाहीतर बाईंवर रिकामी होते. नवीन कुणी बदलून आलं की विचारतं, छत्री धरली तर चालेल का? चालत नाही. ज्याच्यावर ती घागर पडली नाही त्याला उंबरझरीत कुणी मास्तर म्हणत नाही. साहेब म्हणतात.