सनद आणि तिची पुरवणी

कागदांना जीभ होती त्या काळची ही गोष्ट. एका संस्थानाच्या दफ्तरखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा राजाने फर्मावले की कामाचे कागद ठेवा आणि बाकीचे अंघोळीच्या बंबात घाला. हे ऐकून लाल रुमालात बांधलेली सनद स्वतःला न्याहाळू लागली. तिच्यावर राजमुद्रा होती, पण तिच्याच दोऱ्यात एक मळकी, कुरतडलेली पुरवणी ओवलेली होती.

शेजारचे रुमाल एकेक करून सुटत होते. बंबाचा धूर आत येत होता. ‘या भिकारणीपायी मीही रद्दीत जाईन,’ सनदेला वाटले आणि तिने अंग आक्रसून दोरा सैल केला.

“ताई, मला सोडू नका,” पुरवणी कुजबुजली. “आपल्याला एकाच हाताने लिहिलंय.”

रुमाल सुटताच ती घसरून शेजारच्या ढिगात पडली. म्हाताऱ्या दफ्तरदार विसाजीपंतांनी तिला उचलले.

“मथळा नाही, शिक्का नाही. ही कोणाची?”

सनद गप्प राहिली. पुरवणी बंबात गेली.

मग पंतांनी सनद उजेडात धरली. मुद्रा पाहून त्यांचा चेहरा खुलला आणि ते मोठ्याने वाचू लागले, “सोबतच्या पुरवणीत लिहिलेली जमीन, पुरवणीत लिहिलेल्या माणसास, वंशपरंपरेने दिली असे.”

पंत थांबले. त्यांनी रुमाल झटकला, दोरा चाचपला.

“पुरवणी कुठंय?”

बंबात पुरवणीची राख झाली होती.

“मुद्रा तेवढी सुरेख आहे,” पंत हळहळले, आणि त्यांनी सनद बंबाकडच्या ढिगावर ठेवली.