चार पायांना एक शिंपला

त्या राज्यात तळं एकच होतं, आणि दरवर्षी प्रत्येकजण त्याच्यापासून थोडा अधिक लांब राहायला जात होता. काठावरची जागा केव्हाच भरून गेली होती. नंतर आलेले माळावर गेले, त्याहून नंतरचे टेकडीपलीकडे. पलीकडे चारा हिरवा आणि वारा मोकळा, म्हणून घोडेही हौसेने तिकडे गेले. चिचुंदरी हौसेने गेली नव्हती. तिला सहा पिल्लं होती, आणि बीळ खणू देणारी जमीन तिला तिथेच मिळाली. पाण्याला मात्र सगळ्यांना रोज तळ्यावरच यावं लागे.

एक जुना रिवाज होता. परतताना ज्याने त्याने तोंडातलं थोडं पाणी वाटेवरच्या धुळीत टाकायचं. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी मोजतही नव्हतं. त्याने धूळ बसे, वाट घट्ट होई आणि मागून येणाऱ्याचे डोळे वाचत.

टेकडीपलीकडच्या लहान जिवांना एवढी वाट झेपणारी नव्हती. त्यांची सोय चांद्रीमुळे होई. चांद्री ही एक थोराड म्हैस. तिच्या काळ्या पाठीवर मधोमध एक मोठा पांढरा डाग होता. ती रोज सकाळी डुंबायला तळ्यावर जायचीच, तर जाताना उंदीर, बेडूक, खारी, जे येतील त्यांना पाठीवर घेई. परतताना तिच्या अंगावर ओला चिखल असे. ज्याला तहान लागेल त्याने तो चाटावा. चिचुंदरीची पिल्लं एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून रांगेने तिच्या पाठीवर चढत आणि त्या पांढऱ्या डागावर बसत. ती जागा त्यांचीच, असं सगळे धरून चालत.

पुढे वस्ती वाढली आणि वाट अपुरी पडू लागली. घोड्यांना बेडकांच्या मागे थांबावं लागे. त्यांनी पंचांकडे तक्रार केली. पंचांचा मुख्य बगळा होता. तो पाण्यातच उभा असे आणि कुठे जायचं झालंच तर उडत जाई, त्यामुळे वाटेविषयी त्याचं मत अगदी निःपक्षपाती होतं. बराच वेळ एका पायावर उभं राहून त्याने निकाल दिला. वाटेचा रस्ता करायचा, थेट टेकडीपलीकडे न्यायचा. मुरूम ठोकायला पाणी लागतं, ते जो वापरेल त्याने द्यावं. दर, चार पायांना एक शिंपला. त्यातलं अर्धं पाणी रस्त्यावर पडेल आणि अर्धं एका रांजणात चांद्रीसाठी राहील, म्हणजे तिला वाटेत पाणी मिळेल आणि पुढेमागे आणखी एखादी म्हैस ठेवता येईल.

सगळ्यांना हे पटलं. चिचुंदरीला तर फारच पटलं. फक्त गोम त्या दिवसापासून घराबाहेर पडली नाही.

घोड्याच्या तोंडात चाळीस शिंपले पाणी मावे, त्यातला एक गेल्याचं त्याला कळतही नसे. चिचुंदरीच्या तोंडात तीन शिंपले मावत.

परतीच्या वाटेवर पाणी घ्यायला चौकी झाली. या पहिल्या चौकीवर सरडा बसवला होता. त्याची मान सतत वर-खाली होई, त्यामुळे नवख्याला तो हो म्हणतोय असं वाटे.

"पाठीवर किती?" त्याने चांद्रीला विचारलं.

"तीस जण आहेत."

"म्हणजे एकशेवीस पाय. आणि तुझे चार. एकतीस शिंपले झाले."

"अरे, पण त्यांचे पाय टेकलेत कुठे रस्त्याला? चाललेत ते माझेच चार."

"नियमात पाय म्हटलंय," सरडा मान हलवत म्हणाला. "टेकलेले पाय असं कुठं म्हटलंय?"

बेडूक घोड्यापेक्षा कमी वाट झिजवतो हे सांगायला कुणाला सुचलं नाही. मागे घोडे खोळंबले होते, पुढे घराकडे तहान होती. सगळ्यांनी मुकाट्याने तोंडं रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून चिचुंदरीने पिल्लांना बिळातच ठेवलं. पिल्लं सोबत असली तर सात शिंपले लागत आणि तिच्याजवळ होते तीन. एक चौकीवर देऊन दोन घरी आणायची, ते सहा तोंडांत वाटायचे.

मग दुसरी चौकी झाली. तिथल्या सरड्याने चांद्रीच्या अंगावरचा चिखलही खरवडून घेतला, कारण चिखल म्हणजे पाणीच, आणि पाणी रस्त्याचं. घरी आता एकच शिंपला पोचू लागला. रांजणातही पाणी टिकत नव्हतं. रुंद रस्ता दिसला की घोडे उधळत, घोडे उधळले की मुरूम उखडे, आणि मुरूम उखडला की रांजण त्यावर ओतला जाई. दरवेळी "यंदापुरतं" असं म्हणत. रस्ता वाढवला तसे घोडे वाढले, आणि घोडे वाढले तसा रस्ता पुन्हा वाढवावा लागला. चांद्रीचं कातडं सुकून भेगाळलं होतं. उतारावर ती पावलोपावली थांबे.

चिचुंदरी धीर करून बगळ्याकडे गेली. तळं आटल्यामुळे तिला चिखलातून बरंच आत जावं लागलं.

"बगळोबा, चांद्री मरायला टेकलीय. तिच्या नावाचं पाणी तिला द्या. माझी पोरं एका शिंपल्यावर आहेत हो."

बगळ्याने डोळे मिटले. "रस्ता पुरा झाला की तो तुझ्या बिळाच्या तोंडाशी येईल. मग तुला म्हैस लागेल कशाला? तोवर कळ काढ."

"तोवर पोरं राहिली पाहिजेत ना."

"आपण सगळेच सोसतोय, बाई. माझंच बघ, पूर्वी पाणी गुडघ्यापर्यंत होतं. आता घोट्यापर्यंतच आहे."

त्यानंतर चार दिवसांनी, दुसऱ्या चौकीसमोर, चांद्री खाली बसली ती उठली नाही. पाठीवरचे उतरले. काही तिच्याजवळ थांबले, पण मागून घोडे येत होते. सरड्याने उतरलेल्यांचे पाय मोजून घेतले. चिचुंदरीने चांद्रीच्या नाकपुडीला ओलं तोंड लावलं आणि चाटायला थेंबभर पाणी ठेवलं. म्हशीला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. त्या थेंबामुळे शिंपला भरेना, तेव्हा चिचुंदरीला घरच्या वाट्यातून तो भरून द्यावा लागला. तिला राग यायला हवा होता. पण तिला फक्त पुढची वाट दिसत होती.

चांद्रीचं कातडं वाया गेलं नाही. रस्ता ठोकणाऱ्या रानडुकरांना दूरवर पाणी न्यायला पखाल हवीच होती.

आता चिचुंदरी पायी जाऊ लागली. पहाटे निघाली तर उन्हं कलताना परत येई. रोज पिल्लं थोडी हलकी वाटत. चिचुंदरी बाहेर पडताना ती एकच विचारत, "आई, चांद्री कधी येणार?" आणि ती म्हणे, "येईल." खरं सांगायला लागणारी ताकद तिला चालण्यासाठी राखून ठेवायची होती.

एके दिवशी दुसऱ्या चौकीवर तोरण दिसलं.

"आज एक शिंपला जास्तीचा," सरडा म्हणाला. "रस्ता पुरा झाला. शेवटच्या टप्प्यावर शिंपण आहे, मग घोडे धावणार."

"जास्तीचा दिला तर पोरांना काय देऊ?"

"माझी धाव कुंपणापर्यंत, बाई. वर जाऊन विचार."

वर म्हणजे मागे तळ्यापर्यंत, जाऊन-येऊन अर्धा दिवस. तिने दुसरा शिंपला भरला आणि तिसराही. पाणी पखालीत गेलं, पखाल रेड्यावर चढली आणि रेडा पुढे निघून गेला. ती रिकाम्या तोंडाने त्याच्या मागे धावली. निदान पुढचा रस्ता तरी मोकळा आहे, आणि पिल्लांना जवळ घेऊन बसता येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

टेकडी उतरल्यावर तिला आपलं बीळ दिसलं. बगळा खोटं बोलला नव्हता. रस्ता खरोखरच बिळाच्या तोंडाशी आला होता. पण अलीकडे एक नवी चौकी होती, दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण घातलेली, आणि तिथे नवा सरडा बसला होता.

"पाय चार. एक शिंपला."

"माझं पाणी पुढे गेलंय, दादा. ते बघ, तिथे शिंपडलंय. ते माझंच आहे."

"असेल. पण शिंपला भरलेला लागतो."

पलीकडे रस्ता ओला होता. साऱ्या मुलखात तेवढीच जमीन ओली होती. शिंपण आटोपून रेडा मोकळा झाला होता, आणि पखाल रस्त्याच्या मधोमध पडली होती, काळी, रिकामी होऊनही फुगीर, वरच्या बाजूला मोठा पांढरा डाग असलेली.

बिळातून पहिलं पिल्लू बाहेर आलं. त्याने डाग ओळखला. त्याच्या मागोमाग दुसरं आलं, मग तिसरं, सहाही आली, एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून. ती रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली, पखालीवर चढली आणि त्या पांढऱ्या डागावर आपापल्या जागी बसली. मग ती शहाण्यासारखी तळ्याच्या दिशेला तोंड करून म्हैस उठायची वाट बघू लागली.

टेकडीच्या उतारावर घोडे धावायला रांगेत उभे होते. चिचुंदरीने चौकीपुढे तोंड उघडून धरलं होतं. सरडा त्यात वाकून बघत होता आणि त्याची मान वर-खाली, वर-खाली होत होती.