पाहण्याआधीचा आकडा

"मंग खरे किती?" अक्कांनी विचारलं.

"खरे सत्त्याण्णव," ऋचा म्हणाली.

"आन् कॉम्प्युटरनं किती दाखवले?"

"अठ्ठ्याऐंशी. पण ते खरे नाहीत, अक्का."

अक्कांचं बोट हातातल्या नामस्मरणाच्या दोऱ्यावर एक गाठ पुढं सरकलं.

पूर्णेच्या काठी आमचा महानुभावांचा आश्रम आहे. हंसाक्का तिथल्या सगळ्यांत वडील तपस्विनी. बोलणं फार कमी. उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी खाली जातं तसं वयाबरोबर त्यांचं बोलणं खाली गेलं होतं, काढायला दोर लांब लागायचा.

ऋचा ही दर्यापूरच्या सुधाकर काळमेघाची पोर. इंजिनियर झालेली. पुण्याची नोकरी सोडून घरी आली, मोठ्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या परीक्षेला बसायचं म्हणून. घराला लागूनच बापाचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून द्यायचं दुकान, दिवसभर खडखड. म्हणून त्यानं तिला अभ्यासाला आमच्याकडं आणून सोडली होती.

परीक्षा नोव्हेंबरात. तोवर रोज एक सराव पेपर. पेपर संपला की बटण दाबायचं, की आकडा येतो. शंभर पोरं बसली तर त्यांतली किती तुझ्या मागं, तो आकडा. पोरीनंच मला हे समजावून सांगितलं होतं. मोठ्या कॉलेजाचं दार सत्त्याण्णवच्या खाली उघडत नाही, असंही तीच सांगायची.

आता अडचण अशी होती. राज्याच्या परीक्षेतून तिला अमरावतीच्या एका कॉलेजात जागा मिळाली होती. उद्या पाचच्या आत ती घेतली नाही तर गेली. घेतली तर फी भरायची आणि दोन वर्षं तिथंच काढायची, बापाला दोनदा झेपणारं नव्हतं ते. सोडली आणि नोव्हेंबरात दार उघडलं नाही, तर नोकरी गेलेली, जागा गेलेली, वर्षही गेलेलं.

बाप म्हणाला होता, अक्का म्हणतील तसं.

म्हणून ती अक्कांसमोर बसली होती. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते.

"खरे नाईत म्हंजे काय?" अक्का म्हणाल्या.

"म्हणजे त्यात सिली मिस्टेक आहेत. त्या धरायच्या नसतात."

"ते काय राह्यते?"

"येत असून चुकलेलं. म्हणजे बघा, अधिकचं उणे वाचलं. किंवा उत्तर बरोबर काढलं आणि घाईत शेजारच्यावर टिक केली. ते मला येतंच ना! ते सोडून मोजलं की माझे सत्त्याण्णव होतात. कधी अठ्ठ्याण्णव."

"मंग ते चुकलं कोनाकून?"

"माझ्याकडूनच. पण..." ती जरा थांबली. "पण ते मी नव्हते अक्का. माझं लक्ष नव्हतं तेव्हा."

"तू नोयती."

"नव्हते."

अक्कांनी मान हलवली. पटल्यासारखी. पोरीला बरं वाटलं असावं, कारण ती भरभर बोलायला लागली. क्लासमधले सर काय म्हणतात, तिच्या बरोबरीची कोण कोण कुठल्या कुठं गेली, अमरावतीत राहिलं तर आयुष्य कसं अमरावतीतच राहील. तिच्याहून साधी पोरं, जी तिला प्रश्न विचारायला यायची, तीही आज मोठ्या कॉलेजांत बसली होती. हे सांगताना तिचा आवाज कडू झाला.

सगळं ऐकून अक्का म्हणाल्या, "आन् येत नसून बरोबर आलेलं?"

"काय?"

"येत असून चुकते, तसं येत नसून बरोबरई येत असंन की."

"...येतं. थोडं."

"त्याले काय म्हनतेत?"

"तुक्का."

"मोजताना ते तू काढून टाकतं का?"

पोर माझ्याकडं पाहायला लागली. मी तांदळाकडं पाहिलं.

"ते कसे काढणार अक्का? ते तर बरोबर आलेत."

मला हसू आवरेना. अक्का मात्र हसल्या नाहीत.

"म्हंजे चुकते तवा तू नसतं," त्या हळूच म्हणाल्या, "आन् नशिबानं जुळते तवा तू असतं."

पोर उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं. "तुम्ही फक्त हो की नाही सांगा, अक्का. बाबा तुमचंच ऐकतील. माझी चेष्टा नका करू."

"चेष्टा नाई करत, माय. मले त्या परीक्षेतलं काय समजते? तुलेच समजते." अक्का भिंतीला हात लावून उठल्या. "उद्या दुपारचा पेपर माह्यासमोर दे. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी ती अक्कांच्या खोलीत खाली बसून पेपर देत होती. अक्का समोर पाट घेऊन. बाहेर रांजणात पाणी भरायचं होतं, ते आवाज होईल म्हणून कुणी भरलं नाही. जेवणंही गपचूप झाली.

पोर कधी ओठ चावी, कधी कागदावर खरडी. एकदा स्वतःशीच "अरे देवा" म्हणाली. शेवटी शेवटी तर बोटं नुसती पळत होती. मग ती एकदम मागं टेकली. पेपर संपला होता. निकालाचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

अक्का पुढं झुकल्या. त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण लावलं, आणि त्यावर हात ठेवला.

"पाहू नोको."

"अक्का?"

"किती आले?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"रोज तं सांगतं. तो अठ्ठ्याऐंशी म्हनते, तू सत्त्याण्णव सांगतं. त्याच्याहून तुले जास्त समजते. मंग त्याले कायले विचारतं?"

पोर हसली. पण चेहरा उतरला होता.

"बरं. सत्त्याण्णव."

"लाव बापाले फोन. सत्त्याण्णव आले म्हना. जागा सोडून द्या म्हना."

तिनं फोन घेतला. बापाचं नाव काढलं. अंगठा त्या नावावर आला...

आणि तिथंच राहिला.

"एकदा बघते, अक्का. बघून लगेच लावते."

"पाहून सांगशीन तो आकडा त्याचा. मले तुहा पाह्यजे."

"पण बाबा खरंच सोडतील ना जागा!"

"सोडतीन."

"मग चुकलं तर?"

मी पाण्याचा तांब्या आणून दोघींच्या मधे ठेवला. कुणी हात लावला नाही.

पोरीनं फोन मांडीवर ठेवला. खाली मान घालून बसली. बोटांवर काहीतरी आठवत होती.

"तो नदीतल्या बोटींच्या वेगाचा प्रश्न..." ती म्हणाली, "तो मी वाचलाच नाही पूर्ण. नुसती टिक केली." थोड्या वेळानं, "पंच्याण्णव."

"लाव फोन."

अंगठा पुन्हा त्या नावावर गेला. पुन्हा थांबला.

"उताऱ्यावरच्या प्रश्नांत दोन उत्तरं सारखीच वाटली. त्यांत एक निवडलं. का निवडलं ते सांगता नाही येणार."

"मंग?"

"त्र्याण्णव."

"लाव."

आता तिनं फोन उचललासुद्धा नाही. भिंतीकडं पाहत राहिली. भिंतीवर आमच्या आश्रमात काही नसतं, नुसता चुना. त्या चुन्यावर तिला सगळा पेपर दिसत असावा, कारण ओठ हलत होते. मधेच मान हलवायची. मधेच डोळे मिटायची. सकाळपासून इतका अभ्यास तिनं केला नसेल, जितका तिथं केला.

उन्हाची तिरीप दाराच्या उंबऱ्यावरून आत आली.

"रोजचंच आहे," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "रोज शेवटच्या भागात असंच होतं. घाई होते. अधिकचं उणे रोज वाचते मी..."

अक्का ऐकत होत्या.

"रोज वाचते, अक्का."

आणि मग फोन उचलून, कुणी न सांगता, तिनं तो लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. पलीकडं यंत्राची खडखड. मग खडखड थांबली.

"हां, बोल माय. जागेचा फॉर्म भराले मी अमरावतीतल्या एका पोराले बसवूनच ठेवलं हाय कॉम्प्युटरवर. काय म्हनतेत अक्का?"

"अक्का काही म्हणत नाहीत. बाबा... एकोणनव्वद."

"आजचे?"

"हो."

"कॉम्प्युटरचे का तुह्ये?"

"माझे."

सुधाकर हळूच म्हणाला, "तुह्ये तं सत्त्याण्णव राह्यतेत."

"नाहीत, बाबा. ते मी म्हणायचे."

"मंग?"

"जागा घ्या."

"रडतं का वं?"

"नाही."

"पाह्य, तुले ते अमरावतीचं मनातून नसंन तं मी सोडतो. एक वर्ष काय, कसंही काढू. लोकाईचं मी पाह्यतो. तुह्या मनात हाय तं सांग."

तिच्या मनात होतं. अजूनही होतं. ते मला तिच्या पाठीवरून कळलं, पाठ अशी ताठ झाली होती. एक शब्द बोलली असती तर बापानं सोडली असती जागा, आणि आनंदानं सोडली असती.

"घ्या, बाबा. पाचच्या आत घ्या. अमरावतीत राहूनही पुढच्या वेळी बसता येईल मला, नाहीतर नाही बसणार. पण आज घ्या."

"बरं."

"आणि बाबा..."

"हां?"

"लोकांना सत्त्याण्णव सांगितलंय ना तुम्ही?"

सुधाकर जरा हसला. "सांगतलं एखाद-दोघाले."

"त्यांना एकोणनव्वद सांगा."

फोन बंद झाला.

मला वाटलं आता पोर मोकळं रडेल. तशी ती रडली नाही. तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याली, तोंड पुसलं. चेहरा ओढलेला होता, पण आल्या दिवसापासून तिच्या कपाळावर जी एक आठी होती ती गेली होती. आश्रमात आल्यापासून पहिल्यांदा ती मला तिच्या वयाएवढी दिसली.

बाहेर कुणीतरी रांजण भरायला घेतला. पाणी पडल्याचा आवाज आला.

ती अक्कांकडं वळली. दोन्ही हात जोडून दंडवत घातला आणि तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं लहान पोरीनं मागावं तसं तिनं मागितलं,

"अक्का, आता झालं सगळं. आता तरी हात काढा ना झाकणावरचा. एकदा बघू द्या, किती आले ते."

अक्कांनी तिच्याकडं पाहिलं.

"म्या तं हात कवाचाच काढला, माय."