विरलेलं फडकं

"पण महाराज, कुठं काही दुखतच नाही, तर हा आजार कसला?"

अच्युत आचाऱ्यांनी मठाच्या स्वयंपाकघरात पाटावर टेकता टेकताच हा प्रश्न टाकला. चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या लग्नांत त्यांच्याच हातची जिलबी होती, आणि तिचा निम्मा पुरावा त्यांच्या पोटावर होता. मधुमेहही आता जुना झाला होता.

केशवपुरी महाराज मेथी निवडत होते. "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणे, साखर आहेच, वर रक्तात चरबी वाढलीय. लघवीतून प्रथिनं जातायत. मूत्रपिंडांना नुकतीच झळ लागलीय, आत्ता सांभाळलं तर वाचतील. गोळ्या दिल्यात, पथ्य दिलंय. तुम्ही एकदा 'अच्युतराव, काही गरज नाही' म्हणा, की मी सुटलो."

"पथ्य पाळता?"

"म्हणजे काय! तपासणीआधी आठ दिवस उकडलेला दुधी खाल्ला. तरी मेलं सगळं चढंच!"

"आणि एरवी?"

"एरवी मी खातोच कुठं? नुसती चव बघतो."

"किती वेळा?"

"जिलबीच्या घाण्याला एकदा. बासुंदी आटेपर्यंत... पाच-सहादा. तुपाचं म्हणाल तर ते बोटाला लागतंच, मग पुसायचं कशाला?"

महाराज हसले नाहीत. आचाऱ्यांना ते जरा लागलंच.

खुंटीला चक्का टांगला होता. महाराज उठले, वाटी घेतली आणि त्या गाठोड्याखाली धरली. टप... टप... वाटी त्यांनी आचाऱ्यांच्या हातात दिली.

आचारी आपला आजार साफ विसरले.

"अहो, हे पाणी पांढरं! निवळ पडायला हवं. फडकं विरलंय तुमचं. चक्का चाललाय पाण्यातून आणि कुणाचं लक्ष नाही!"

"फडकं काही बोललं नाही."

"विरताना फडकं बोलतं होय? पाणी बघावं लागतं, महाराज, पाणी..."

आचारी थांबले. वाटीतल्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना खरोखर भीती वाटली.

"आता काय करायचं?" महाराजांनी विचारलं.

"दुसरं फडकं लावायचं."

"तुमच्याकडे आहे दुसरं?"

आचाऱ्यांनी कनवटीची पुडी काढली. "पाणी द्या जरा. आजची गोळी राहिलीय."

गोळी घशाखाली उतरली, ताठा काही उतरेना.

"गोळ्या घेईन. पण चव न बघता पंगत कशी वाढू? मीठ चुकलं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल!"

"मठाच्या उत्सवाचा नैवेद्य कोण करतं?"

"मीच की. वीस वर्षं झाली."

"आधी चाखता?"

आचाऱ्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "शिव शिव! देवाला उष्टं?"

"मग कधी बिघडला?"

"एकदाही नाही!" आचाऱ्यांची मान पुन्हा ताठ झाली. "मिठाचा कणसुद्धा इकडचा तिकडे नाही."

महाराजांनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली.

"मग लग्नाच्या पाहुण्यांनीच तुमचं काय घोडं मारलंय? त्यांना तेवढं उष्टं का वाढता?"