येता की जाता?

एका राज्यात, नदीपलीकडच्या माळावर, एका सकाळी एक बाग उगवली. आदल्या संध्याकाळी तिथे नुसते कुसळी गवत होते. सकाळी पाहावे तो सोन्याच्या कळसांचे मनोरे, ढगांत शिरलेला आकाशपाळणा आणि पितळी दरवाजावर पाटी : कौतुकबाग. तमाल नावाचा एक परदेशी जादूगार त्या राज्यात आला होता, आणि हे त्याचे काम होते.

पहिल्या दिवशी बाग पाहायला मुले गेली. दुसऱ्या दिवशी मुलांना आणायला आया गेल्या. तिसऱ्या दिवशी आयांना आणायला बाप गेले. मग आचारी गेले, भालदार गेले, चोपदार गेले. परत कोणीच आले नाही. वाऱ्यावरून रडणे ऐकू आले असते तर सुकेतू राजाने सैन्य धाडले असते. पण ऐकू येई ते हसू. हसणाऱ्या माणसांना सोडवायचे तरी कशापासून, हे राजाला कळेना. शेवटी त्याने सैन्य धाडलेच. संध्याकाळी माळावरून सैन्याचेही हसू ऐकू येऊ लागले.

आठव्या दिवशी दरबारात राजा, त्याच्या दोन मुली आणि एक म्हातारा हत्ती एवढेच उरले. तेव्हा थोरली राजकन्या हेमांगी हिने सगळ्यांना परत आणण्याचा विडा उचलला. हेमांगी बोलायला लागली की समोरच्याला होकार देण्यावाचून गत्यंतर नसे. धाकटी वल्लरी परक्यांपुढे तोंड उघडत नसे. बोलत नसल्यामुळे तिला पाहायला मात्र पुष्कळ वेळ मिळे.

राजा म्हणाला, "हेमांगी, तू बोल. वल्लरी, तू बघ. दिवस मावळायच्या आत दोघी मला इथे हव्यात."

पितळी दरवाजाच्या कमानीवर दुभंगल्या शेपटीचा एक काळा कोतवाल पक्षी बसला होता. बागेचा कोतवालही तोच होता. त्याने विचारले, "येता की जाता?"

हेमांगी म्हणाली, "येतो."

"या," पक्षी म्हणाला, आणि दरवाजा आत उघडला.

आत पाऊल टाकले मात्र, वल्लरीला किती डोळ्यांनी पाहू असे झाले. समोर एक अजगर होता. त्याचे तोंड ताडाच्या शेंड्याशी आणि शेपूट जमिनीशी. माणसे शिडीने वर चढत, त्याच्या पाठीवर बसत आणि सुर्रकन खाली येत. ती घसरगुंडी होती. अजगर दर खेपेला सावकाश म्हणे, "पुढचा." पलीकडे एक म्हातारी आपले गुलाबी केस विंचरत बसली होती. फणीत येतील तेवढे केस ती काडीला गुंडाळून मुलांच्या हातात देई. जिभेवर ठेवताच ते विरघळत, आणि तोंडात नुसता गोडवा उरे. तिच्या मागे लाकडी घोडे गोल फिरत होते. तिसऱ्या फेरीला त्यांचे पाय जमिनीवरून सुटत आणि ते झाडांच्या शेंड्यांवरून धावत. आकाशपाळण्याचे वरचे पाळणे ढगातून जात, म्हणून खाली उतरणाऱ्यांचे केस ओले असत.

अजगराच्या शेपटाशी राजवाड्याचा मुख्य आचारी भिकोबा भेटला. त्याच्या मनगटांना अजून कणीक चिकटलेली होती. हेमांगीने त्याला घरी चलायला सांगितले. तो अजिजीने म्हणाला, की राजकन्येने रागावू नये, पण आपण आत्ता या घटकेला पहिल्यांदाच आत येतो आहोत, निदान एकदा घसरगुंडीवरून जाऊ द्यावे. वल्लरीने पाहिले. भिकोबाच्या धोतराची बैठक घसरून घसरून झिजली होती, आणि त्याला शिडीची सगळ्यात सोपी पायरी ठाऊक होती. जो भेटे तो हेच सांगे. मी आत्ताच आलो. मी कधी पाहिलेच नाही. एकदा बसू द्या.

हे काहीतरी विपरीत आहे, हे वल्लरीला कळले. पण हेमांगीने तिचा हात धरून ओढले, आणि खरे सांगायचे तर तिलाही बसायचेच होते. त्या अजगरावरून घसरल्या. घोड्यांवर बसून त्या आंब्यांच्या शेंड्यांवरून गेल्या. आकाशपाळण्यात ढगाशी पोचताना वल्लरीची एक चप्पल खाली पडली. वल्लरी इतकी हसली की तिच्या बरगड्या दुखू लागल्या. इतका आनंद एका दिवसात मावतो हे तिला माहीत नव्हते.

सूर्य दोन कासरे वर उरला तेव्हा हेमांगीला राजाचे बोलणे आठवले. आज आबांना निदान काय चालले आहे ते सांगू, माणसांचे उद्या पाहू, असे ठरवून दोघी दरवाजाशी आल्या.

कोतवालाने विचारले, "येता की जाता?"

आता, त्या राज्यात निघताना कोणी 'जाते' म्हणत नसे. पाळण्यातल्या मुलालाही ते शिकवलेले असे. 'जाते' म्हणणारा परतत नाही. ज्याला परतायचे आहे, तो उंबऱ्यावर 'येते' म्हणतो. हेमांगी चांगल्या वळणाची मुलगी होती. तिने हात जोडले आणि म्हटले, "येते हं."

"या," पक्षी म्हणाला.

दरवाजा आत उघडला. वारा आला, हेमांगीला उचलून घेऊन गेला आणि बागेतल्या हिरवळीवर ठेवून आला. तिने मान वर केली. तिचे डोळे चमकले.

"वल्ली, तो बघ आकाशपाळणा. केवढा उंच गं. आधी कशात बसू या?"

 भिडेमुळे वल्लरीच्या तोंडून शब्दच निघाला नव्हता, म्हणून दाराने तिला काही केले नव्हते. तिने ताईचा हात धरला, तिला दरवाजाशी आणले, काही बोलू नकोस म्हणून विनवले आणि दाराला खांदा लावला. दार हलले नाही. हेमांगी मात्र रागावली. असे न सांगता सवरता कोणाकडून निघतात का, घरी हेच शिकवले का, असे तिने थोरल्या बहिणीसारखे सुनावले आणि पुन्हा हात जोडले. वारा पुन्हा आला.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "वल्ली, किती छान बाग. आपण कुठून आलो गं इथे?"

"घरून. आबा वाट बघताहेत."

"कोण आबा?"

मग वल्लरी धावली. आकाशपाळण्याच्या आसाला तेल घालत जादूगार तमाल शिडीवर उभा होता. वल्लरी जन्मात परक्याशी बोलली नव्हती. आता ती बोलली. तिने बहीण परत मागितली.

तमालला नवल वाटले. तो सांगू लागला, की तो सात राज्ये फिरला आणि प्रत्येक राज्यात संध्याकाळ झाली की लोक 'जातो' म्हणून निघून गेले. इथे मात्र ज्याला विचारावे तो 'येतो' म्हणतो. आपली बाग कोणाला सोडवत नाही, या आनंदात त्याला आठ दिवस झोप लागली नव्हती.

वल्लरीने त्याला 'येतो'चा अर्थ सांगितला. जादूगाराच्या हातातली तेलाची बुधली खाली पडली.

"मुली, दार माझंसुद्धा ऐकत नाही," तो म्हणाला. "निघणाऱ्याच्या तोंडचा शब्द तेवढा ऐकतं. माझा मंत्रच तसा आहे. परत आलेल्याला सगळं पहिल्यांदा दिसावं, म्हणून तो थोडं थोडं पुसत जातो. पहिल्या खेपेला दिवस पुसतो, दुसऱ्या खेपेला घर, तिसऱ्या खेपेला माणूस."

"आणि चौथ्या?"

तमालने लाकडी घोड्यांकडे पाहिले. सकाळी नव्हता असा एक घोडा तिथे होता. त्याच्या पुढच्या खुरांच्या वर कणीक चिकटलेली होती.

तो हळूच म्हणाला, "तुझ्या बहिणीला 'जाते' म्हणायला लाव."

 सख्ख्या बहिणीच्या तोंडून तो शब्द वदवायला वल्लरीचे मन धजेना. आणि कितीही सांगितले तरी हेमांगी तो उच्चारणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

तेवढ्यात दरवाजाकडून वारा सुटला. वल्लरीला शोधत हेमांगी दाराशी गेली होती आणि पक्ष्याने विचारताच सवयीने 'येते' म्हणाली होती. वल्लरी पोचेपर्यंत उशीर झाला होता. हेमांगी हिरवळीवर उभी होती. अनोळखी माणसाशी हसावे तशी ती वल्लरीकडे पाहून हसली.

"तुम्हीही आजच आलात का?"

ताईने तिला आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हटले नव्हते. वल्लरीला वाटले, तिथेच बसून रडावे. पण सूर्य हातभरच उरला होता. परक्या बाईशी बोलावे तसे ती बोलू लागली. आपले घर जवळच आहे, नदी ओलांडली की झाले, थोडा वेळ चलावे. हेमांगी म्हणाली, की आग्रहाबद्दल आभार, पण बाग अजून पाहायची आहे.

"बाग कुठे पळून चाललीय?" वल्लरी काकुळतीने म्हणाली. "आपण घरी जाऊन येऊ. मग बघू."

दाराची कडी करकरली. बोटभर सरकली आणि थांबली. बाकी कोणाचे लक्ष नव्हते, वल्लरीने पाहिले.

जाऊन येऊ. पाण्याला निघाले, बाजाराला निघाले, की रोज तोंडात येणारे दोन शब्द. त्यात जाणे होते, आणि अशुभ काहीच नव्हते. तिने हेमांगीला दाराशी नेले आणि तेवढेच म्हणायला सांगितले. हेमांगीलाही त्यात वावगे दिसले नाही.

"येता की जाता?"

"जाऊन येते."

पक्ष्याने मान डावीकडे केली, मग उजवीकडे केली. "दोन्ही चालणार नाही. एकच सांगा."

आता वल्लरी बोलली, आणि सगळ्या बागेला ऐकू गेले.

"दार शब्द ऐकतं ना? मग ओळीनं ऐकावं. आधी 'जाऊन' आहे. ते झाल्याशिवाय 'येते' कसं होणार?"

कोतवालाने आजवर प्रश्न विचारले होते, विचार केला नव्हता. त्याने तो केला.

"जा," तो म्हणाला. "आणि मग या."

पितळी दरवाजा त्या राज्यात पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला उघडला, आणि तमालचा मंत्र शिवण उसवावी तसा टराटरा उसवला. लाकडी घोड्यांना घाम फुटला. एकेका घोड्यातून एकेक माणूस खाली उतरला. भिकोबाला एकदम राजाचे जेवण आठवले आणि तो मनगटे झटकत पळत सुटला. त्याच्या मागे आया, बाप, भालदार, चोपदार, सगळे सैन्य. जो तो उंबऱ्यावर ओरडत होता, "जाऊन येतो." कोतवाल उत्तर देता देता थकला.

उंबऱ्याबाहेर हेमांगी थबकली. तिने वल्लरीकडे नीट पाहिले.

"वल्ली, रडतेस कशाला? आणि केस केवढे विस्कटलेत. इकडे ये."

दिवस मावळायच्या आत दोघी राजापुढे उभ्या राहिल्या. राजवाड्यात आठ दिवसांनी चूल पेटली, वेशीवर पहारे बसले, आया मुलांना रागे भरू लागल्या. राज्याची घडी पुन्हा बसली.

माळावर तमाल रिकाम्या बागेत बसून होता. आता इकडे कोण फिरकणार, म्हणून सकाळी त्याने बाग गुंडाळायला घेतली. अजगर निम्मा गुंडाळून झाला तोच दाराशी गलका झाला. सगळे राज्य उभे होते. त्यांनी येतो म्हणून सांगितले होते, आणि दिलेला शब्द पाळायला ते आले होते. सगळ्यांच्या पुढे स्वतः राजा होता. त्याने बाग अजून पाहिलीच नव्हती.

दोघी बहिणी आकाशपाळण्यात बसल्या. पाळणा ढगाशी पोचला तेव्हा हेमांगी वल्लरीला म्हणाली, "मागच्या खेपेला इथूनच तुझी चप्पल पडली होती. आज पायात घट्ट धर."

खाली आसाशी उभ्या असलेल्या जादूगाराला ते वाऱ्यावरून ऐकू आले. आपल्या बागेत 'मागच्या खेपेला' असे कोणी म्हटल्याचे त्याने आजवर ऐकले नव्हते. त्याने पाळण्याला आणखी एक फेरी दिली.